टाइप टू डायबिटीस आणि अरबी बोलणारे पेशंट: "मला जमेल" हा विश्वास मोजायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातात काम करणाऱ्या आपल्या नर्सेस, डाएटिशियन, फार्मसीतले लोक आणि एमएस्सी नर्सिंग किंवा पब्लिक हेल्थचे स्टुडंट्स, सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून काढलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, जो अडलाय तो प्रश्न शोधा आणि तिथून सुरू करा.

सेल्फ-एफिकसी म्हंजे नक्की काय? कॉन्फिडन्सच ना?

कॉन्फिडन्सच, पण एका ठराविक कामापुरता. "मी एकूणच खंबीर माणूस आहे" असं वाटणं वेगळं आणि "पाहुणे आलेले असताना समोर मिठाई असली तरी मी एकच तुकडा घेऊन थांबू शकतो" असं वाटणं वेगळं, आपल्याला दुसरं मोजायचंय. ही कल्पना अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात होते, २०२१ मध्ये गेले. त्यांचं म्हणणं असं की माणूस एखादं काम हाती घेतो का, अडचण आली तर किती टिकतो, हे बरंचसं त्याला ते काम जमेल असं वाटतं का यावर ठरतं. आणि हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून बघितलं आणि जमलं, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहिलं, भरवशाच्या माणसाने "तुला जमेल" म्हटलं, आणि त्या वेळी शरीराची-मनाची अवस्था कशी होती. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की. म्हणून नुसतं लेक्चर देऊन हा विश्वास फारसा वाढत नाही, ग्लुकोमीटर पेशंटच्या हातात द्यावा लागतो.

शुगर तर लॅबमध्ये कळतेच, मग हे कशाला मोजायचं?

एचबीए१सी ही सरासरी शुगरची रक्त-तपासणी तुम्हाला मागच्या साधारण तीन महिन्यांचं सांगते, काय झालं ते. का झालं ते ती सांगत नाही. दोन पेशंटचा एचबीए१सी सेम ९ असू शकतो, एकाला गोळ्या वेळेवर घेणं जमतंय पण जेवण हातात नाही, दुसऱ्याला जेवण जमतंय पण शुगर खाली जाण्याची एवढी भीती बसलीय की तो गोळी मुद्दाम चुकवतो. दोघांना एकच पॅम्फ्लेट देऊन काय उपयोग? नीट विचारलेली सेल्फ-एफिकसी स्केल (म्हंजे मार्क देऊन भरायची प्रश्नावली) दाखवते की गाडी नेमकी कुठे अडलीय. मला तरी या सगळ्या मोजमापाचं सगळ्यात मोठं मोल इथेच वाटतं, रिसर्च पेपर नंतर.

पण अरबी बोलणाऱ्यांसाठी वेगळं काय करायचं? डायबिटीस तर सगळीकडे सारखाच.

आजार सारखा, जगणं सारखं नाही, आणि या स्केलमधले प्रश्न जगण्याबद्दलच आहेत. शिवाय आकडा मोठा आहे. इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनच्या २०२१ च्या अ‍ॅटलसप्रमाणे मिडल ईस्ट आणि नॉर्थ आफ्रिका या भागात ७.३ कोटी प्रौढांना डायबिटीस होता, म्हंजे साधारण सहातल्या एकाला (त्यांच्या त्या भागात इराण, पाकिस्तान पण येतात हे लक्षात ठेवा, सगळे अरबी नव्हेत). त्यात अरबी ही वीसपेक्षा जास्त देशांची राज्यभाषा, मोरोक्कोपासून ओमानपर्यंत, आणि सिडनी, अमेरिकेतलं डिअरबॉर्न, स्वीडनमधलं माल्मो अशा ठिकाणी स्थायिक झालेले लोक वेगळेच. आणि बहुतेक स्केल जन्मल्या नेदरलँड्स, अमेरिका, इंग्लंडमध्ये. तिथल्या माणसाच्या दिवसावर बेतलेला प्रश्न रियाधच्या किंवा अम्मानच्या माणसाला विचारला की तो उत्तर देतो, सभ्यपणे देतो, पण ते उत्तर कशाचं हे तुम्हाला कळत नाही.

कुठली स्केल घेऊ? खूप नावं आहेत.

टाइप टू साठी मुख्य दोन लक्षात ठेवा.

पहिली डायबिटीस मॅनेजमेंट सेल्फ-एफिकसी स्केल. १९९९ ला डच संशोधकांनी केलेली, २० प्रश्न. शुगर तपासणं, ती वर-खाली झाली तर सुधारणं, पाय बघणं, वजन, व्यायाम, औषधं, आणि जेवण वेगवेगळ्या परिस्थितीत: बाहेर गेल्यावर, सुट्टीवर, समारंभात, टेन्शनमध्ये, आजारी असताना. प्रत्येक प्रश्नाला ० ते १० धरले तर एकूण ० ते २००. इंग्लंडमध्ये २०१० ला याचीच १५ प्रश्नांची आवृत्ती झाली. अरबीतही हिची रूपं आहेत, जॉर्डनमधल्या टाइप टू पेशंटवर वापरलीही गेलीत.

दुसरी स्टॅनफर्डची आठ प्रश्नांची, प्रत्येकाला १ ते १०, शेवटी सरासरी काढायची. छोटी, फुकट, परवानगीची कटकट नाही. ओपीडीत रांग लागलेली असते तिथे हीच बरी.

थीसिस असेल, एकेका कामाचं बारीक चित्र हवं असेल तर पहिली. क्लिनिकमध्ये दर व्हिजिटला विचारायचं असेल तर दुसरी. वीस प्रश्नांची स्केल दर महिन्याला विचारून पेशंटला दमवू नका.

जनरल सेल्फ-एफिकसी स्केल अरबीत तयार आहे, तीच वापरली तर?

ती दहा प्रश्नांची, चार पर्यायांची स्केल चांगली आहे, पण ती आयुष्यातल्या एकूण अडचणींबद्दल विचारते. सहा मुलं वाढवलेली, घरदार सांभाळलेली, लढाईतून देश सोडून आलेली बाई तिथे भरपूर मार्क मिळवेल आणि तिला इन्सुलिन पेन हातात धरायचीसुद्धा धास्ती असेल. डायबिटीसबद्दल बोलायचं असेल तर डायबिटीसचीच स्केल घ्या. जनरल वाली सोबत तुलनेसाठी लावली तर हरकत नाही.

अरबी व्हर्जनची पीडीएफ मिळालीय. डायरेक्ट प्रिंट काढून सुरू करू का?

थांबा. आधी बघा ती कुठल्या देशातल्या लोकांवर तपासली, कुठल्या वयाच्या, शिकलेल्या की न शिकलेल्या, कागदावर भरून घेतली की तोंडी विचारली. अम्मानच्या हॉस्पिटलात पास झालेली स्केल कासाब्लांकाच्या वस्तीत आपोआप पास होत नाही. मग मूळ लेखकांना मेल टाकून परवानगी घ्या आणि मग निदान आठ-दहा पेशंटसोबत बसून एकेक प्रश्न वाचून बघा. त्यांना म्हणा, हा प्रश्न तुमच्या शब्दांत मला परत सांगा. एवढंच. यातून जे कळतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमधून कळत नाही.

उदाहरण देते. स्टॅनफर्डच्या स्केलमध्ये पहिलाच प्रश्न आहे, दर चार-पाच तासांनी, सकाळच्या नाश्त्यासकट, जेवण घेणं तुम्हाला जमेल याची किती खात्री. समजा सत्तरीतल्या एका काकांनी सरळ १० दिले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सूनबाई वेळेवर वाढते. म्हंजे त्यांनी सुनेवरचा विश्वास मोजून दिला, स्वतःवरचा नाही! सून माहेरी गेली की त्या १० चं काय होणार? कागदावर दोन्ही १० सारखेच दिसतात. म्हणून हा टप्पा वगळू नका हो, कितीही घाई असली तरी.

भाषांतर स्वतः करायचं असेल तर पद्धत काय?

दोन जणांनी वेगवेगळं इंग्रजीतून अरबीत करायचं, बसून एक करायचं, मग ज्याने मूळ पाहिलेलंच नाही अशा माणसाने परत इंग्रजीत करायचं, मूळाशी ताडून बघायचं. उलट भाषांतराची ही पद्धत १९७० पासून ब्रिस्लिन यांच्या नावाने चालत आलीय. मग तज्ज्ञांची कमिटी, त्यात एंडोक्रिनोलॉजिस्ट, डायबिटीस एज्युकेटर नर्स, डाएटिशियन आणि माझं आग्रहाचं सांगणं, निदान एक पेशंट. तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नाला किती लागू आहे याचे मार्क देतात, सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्नाचा इंडेक्स ०.७८ च्या वर असावा असं धरतात.

उलट भाषांतर छान जुळलं म्हणून खूष होऊ नका मात्र. शब्दाला शब्द ठेवून केलेलं अवघडलेलं अरबी परत इंग्रजीत अगदी सुंदर जुळतं, आणि पेशंटला ते सरकारी नोटिशीसारखं वाटतं.

फुस्हा (लिहायची प्रमाण अरबी) वापरायची की बोली?

हा खरा कळीचा प्रश्न. लिहिलेली अरबी आणि बोललेली अरबी यातलं अंतर आपल्या छापील मराठी आणि घरच्या मराठीपेक्षा खूप मोठं आहे, फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एकाच समाजात दोन रूपं वापरण्याची जी गोष्ट मांडली त्यात अरबी हे मुख्य उदाहरणांपैकी एक होतं. फुस्हा शाळेत, बातम्यांत, धर्मग्रंथात. घरात कुणी ती बोलत नाही. आणि मोरोक्कोची बोली, दारिजा, कुवेतच्या माणसाला धड कळत नाही.

मला जमण्यासारखा मार्ग असा वाटतो: कागदावर सोपी, छोट्या वाक्यांची फुस्हा ठेवा म्हंजे वेगवेगळ्या देशांतले पेशंट एकाच कागदावर येतील, आणि तोंडी विचारणाऱ्यासाठी प्रत्येक प्रश्नाखाली त्या त्या बोलीतलं एक ठरवून दिलेलं वाक्य लिहून ठेवा. प्रत्येक नर्सने आपापल्या मनाने समजावून सांगितलं तर दहा नर्सच्या दहा स्केल होतात. मल्याळी किंवा मराठी नर्स तोडक्यामोडक्या अरबीत विचारत असेल तर हे वाक्य लिहिलेलं असणं अजूनच गरजेचं, आणि खरं तर अशा वेळी अरबी बोलणारा सहकारी शोधा, पेशंटवर अन्याय नको.

बाई-पुरुष यामुळे वाक्य बदलतं का?

बदलतं, आणि मराठी माणसाला हे चटकन कळेल. आपल्याकडे "मी करू शकतो" आणि "मी करू शकते". अरबीत "मला खात्री आहे" हे विशेषणाने म्हटलं तर पुरुष वाथिक, बाई वाथिका. सगळा कागद पुल्लिंगी छापला तर बायका वाचतात, पण आपल्याबद्दल नाही असं वाचतात. एकतर दोन वेगळे कागद करा किंवा वाक्य "मी करू शकतो-शकते" या अर्थाच्या क्रियापदाने सुरू करा, अरबीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगाचा फरक पडत नाही. छोटी गोष्ट, पण बहुतेकदा डिझाइनमध्ये राहून जाते.

मी आकडा विचारते आणि पेशंट "इन्शाल्लाह" म्हणतात. हे किती धरू?

काहीच धरू नका, आणि टाळाटाळ तर मुळीच समजू नका. उद्याबद्दल काहीही म्हणताना, उद्या भेटू म्हणतानासुद्धा, "देवाची इच्छा असेल तर" म्हणणं ही तिथली रीत आहे, श्रद्धा आहे. त्यावरून पेशंट नशिबावर सोडून बसलाय असा निष्कर्ष काढणारे रिपोर्ट वाचले की वाईट वाटतं.

अडचण प्रश्नाच्या रचनेत असते. बँडुरांनी स्वतः स्केल बनवण्याबद्दल २००६ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शनात बजावलंय की "करेन का" विचारू नका, "करू शकतो का" विचारा. पहिलं इराद्याबद्दल, दुसरं क्षमतेबद्दल. अरबीत हा फरक सांभाळला तर अर्धी अडचण संपते, कारण "करीन" म्हटलं की इन्शाल्लाह येणारच, यायलाच हवं. उरलेल्या अर्ध्यासाठी इतकंच म्हणा: "इन्शाल्लाह. आणि तुमच्या हातात जेवढं आहे तेवढ्यात, आज, तुम्हाला किती खात्री वाटते?" लोक अगदी विचार करून आकडा देतात. तिर्मिधी यांच्या हदीस-संग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) पैगंबरांचं वचन आहे की आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, आणि ते अरबी घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. तिथले एज्युकेटर ते सहज वापरतात. मात्र बाहेरच्या माणसाने पेशंटला त्याचाच धर्म शिकवू नये, ते तुमच्या अरबी सहकाऱ्यालाच बोलू द्या.

० ते १० ची रेघ कागदावर कुठून सुरू करू, उजवीकडून की डावीकडून?

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचतात पण संख्या डावीकडून उजवीकडे लिहितात, त्यामुळे आडव्या रेघेवर गोंधळ होतोच. सरळ उभी शिडी काढा, खाली ०, वर १०, दोन्ही टोकांना आणि मध्ये ५ ला शब्दांत लिहा: अजिबात जमणार नाही, मध्यम खात्री, पूर्ण खात्री.

आता यातली खरी खाच. इजिप्त आणि आखातात जे अरबी आकडे वापरतात त्यात पाचचा आकडा जवळजवळ आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हंजे नुसता एक ठिपका! मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात मात्र इंग्रजीवाले आकडे चालतात. म्हंजे एकाच कागदावरचा गोल एक जण पाच वाचणार, दुसरा शून्य. डेटा एंट्री करणारी व्यक्ती भारतीय असेल तर धोका डबल. पाच भरलेला फॉर्म शून्य म्हणून कॉम्प्युटरमध्ये गेला की ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या पेशंटच्या देशात चालतात ते आकडे छापा आणि एंट्री करणाऱ्याला भिंतीवर तक्ता लावून द्या.

शिवाय खरी स्केल सुरू करायच्या आधी एक सरावाचा प्रश्न ठेवा. बँडुरांच्या नमुन्यात वजन उचलण्याचा आहे, १० पाउंडपासून ३०० पाउंडपर्यंत. तुम्ही तांदळाच्या पिशव्या घ्या: ५ किलो, १०, २०, ४० किलोची पिशवी उचलणं जमेल याची किती खात्री? आकडा कमी कमी होत जायला हवा. ज्यांनी सगळ्यालाच १० दिले त्यांना परत समजावून सांगा.

रमजानमध्ये डेटा घेतला तर चालेल?

रमजानबद्दलच अभ्यास असेल तर जरूर. नाहीतर टाळा, आणि त्याआधीचे-नंतरचे पंधरा दिवसही जपून. त्या महिन्यात जेवणाच्या वेळा, झोप, औषधांच्या वेळा सगळंच उलटं होतं, त्यामुळे "दर चार-पाच तासांनी जेवण" या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मागच्या वर्षीच्या टाइमटेबलवर विसंबू नका. स्केलचा भरवसा तपासायला दोन आठवड्यांनी परत तेच प्रश्न विचारतात ना, त्यात पहिली फेरी रमजानच्या आधी आणि दुसरी रमजानमध्ये पडली तर स्केल बिचारी फेल दिसेल, खरं तर जगणं बदललेलं असेल.

पण उपासाबद्दलचे प्रश्न जोडायलाच हवेत असं मला ठामपणे वाटतं. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या एपिडायर अभ्यासात टाइप टू असलेल्या मुस्लिम पेशंटपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस उपास केल्याचं दिसलं, आणि शुगर गंभीर खाली जाण्याचे प्रसंग त्या महिन्यात साडेसात पट झाले. आजाऱ्याला उपासातून सूट आहे हे कुराणातच आहे, तरी घरातले सगळे उपास धरत असताना आपण एकट्याने खाणं मनाला फार जड जातं. म्हणून प्रश्न असे हवेत: उपास चालू असताना बोट टोचून शुगर तपासणं जमेल का (तपासल्याने उपास मोडतो असं पुष्कळांना वाटतं, धर्मपंडितांच्या मते मोडत नाही), शुगर ७० च्या खाली गेली तर मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजाला, तेव्हाच उपास सुटतो) अर्धा तास उरलेला असतानाही उपास सोडणं जमेल का, इफ्तारला खजूर दोन-तीनवर थांबवणं जमेल का. यातला मधला प्रश्न सगळ्यात बोलका. शेवटच्या अर्ध्या तासात सोडणं सगळ्यात कठीण असतं आणि धोकाही तिथेच असतो.

एक सावधगिरी, नवे प्रश्न जुन्या स्केलच्या बेरजेत मिसळू नका. वेगळा भाग ठेवा, वेगळा स्कोअर, म्हंजे जुन्या अभ्यासांशी तुलना शाबूत राहते.

जेवण आणि व्यायामाच्या प्रश्नांत अजून काय बघायचं?

आग्रह! आपल्याकडे पंगतीत होतो तसाच. गहवा म्हंजे तिथली बिनसाखरेची कॉफी, फिंजान नावाच्या छोट्या कपात, त्यासोबत खजूर, आणि यजमान कप भरतच राहतो, पुरे असेल तर कप हलवून दाखवायचा. कॉफीला अशी ठरलेली खूण आहे, कुनाफासारख्या मिठाईला नाही. तर "समारंभात पथ्य पाळणं" असं मोघम विचारण्यापेक्षा "यजमानाने दुसऱ्यांदा आग्रह केला तरी" असं विचारलं की आकडा खरा येतो.

दुसरं म्हंजे कब्सासारखं (मटण-चिकन घातलेला भात) जेवण बऱ्याच घरांत एका मोठ्या थाळ्यातून सगळे मिळून खातात. तिथे "तुमच्या ताटातलं प्रमाण मोजणं" हा प्रश्न कसा लागू होणार, ताटच वेगळं नाही. पेशंटला विचारा तुम्ही थाळ्यातली आपली बाजू ठरवून थांबू शकता का, भाताऐवजी सॅलडकडे आधी हात नेऊ शकता का.

व्यायामाच्या प्रश्नात डच स्केलने सायकल चालवण्याचं उदाहरण दिलंय. आखातात जुलैमध्ये ४५ डिग्रीत आणि तेही अबाया घातलेल्या पन्नाशीच्या बाईला? मॉलमध्ये चालणं, घरात पायऱ्या, असं बदला, पण बदल लिहून ठेवा.

पायांबद्दल एक चांगली गोष्ट आहे. नमाजाआधीच्या वुजूमध्ये पाय धुतले जातात, दिवसातून अनेकदा. म्हणून बरेच जण "पाय बघणं" या प्रश्नाला १० देतात. धुणं म्हंजे बघणं नव्हे, तळवा उलटून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून भेग, फोड आहे का ते बघणं वेगळं. प्रश्नात तळवा आणि बेचक्या हे शब्द घाला. आणि शिकवताना हीच सवय कामी येते, वुजू झाला की लगेच बघायचं, वेगळं आठवायला नको.

पेशंटसोबत मुलगा किंवा नवरा बसलेला असतो आणि तोच उत्तरं देतो. काय करू?

त्याला अपमान वाटेल असं काही करू नका, तो काळजीपोटी आलाय. त्याच्यासाठी वेगळा छोटा फॉर्म ठेवा, "तुम्ही त्यांना कशी मदत करता", आणि त्याला दुसऱ्या टेबलावर बसवा. बाई पेशंट असेल तर विचारणारी बाईच हवी. उम्म अमुक, अबू तमुक म्हंजे अमक्याची आई, तमक्याचे वडील अशी मोठ्यांना हाक मारायची पद्धत आहे, सहकाऱ्याकडून मोठ्या मुलाचं नाव विचारून तसं बोललात तर माणूस मोकळा होतो. आणि तरीही कुणी सोबत बसलं असेलच तर फॉर्मवर एक चौकोन टिक करा, अ‍ॅनालिसिसला लागतो.

वाचता न येणाऱ्यांचं?

तोंडी विचारा, शिडीचं चित्र समोर ठेवा, बोट ठेवायला सांगा. पण तोंडी विचारलं की लोक नर्सला बरं वाटावं म्हणून आकडा वाढवून देतात, त्यामुळे ज्या नर्सने शिकवलं तिनेच मोजू नये.

किती पेशंट लागतील? अल्फा किती यायला हवा?

प्रत्येक प्रश्नामागे पाच ते दहा पेशंट असा ढोबळ हिशोब, म्हंजे वीस प्रश्नांना १०० ते २००. क्रॉनबॅक अल्फा ०.७० च्या वर आला की लोक निवांत होतात. मूळ डच स्केलचा ०.८१ होता. पण अल्फा ०.९५ च्याही वर गेला तर उलट शंका घ्या, कदाचित पेशंट सगळ्यांनाच एकच आकडा देत सुटलेत. अल्फा फक्त एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात, बरोबर गोष्टीबद्दल आहेत का ते नाही सांगत. फॅक्टर अ‍ॅनालिसिस (कुठले प्रश्न एका गटात पडतात ते बघणं) करा, दोन आठवड्यांनी परत विचारून बघा, आणि १५ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांनी पूर्णच्या पूर्ण मार्क दिलेत का ते बघा, तसं असेल तर प्रश्न सोपे झालेत आणि पुढे सुधारणा दिसायला जागाच उरली नाही.

स्कोअर कसा काढू? कितीच्या खाली "लो" म्हणू?

स्टॅनफर्डच्या आठ प्रश्नांना समजा ९, ४, ५, ३, २, ६, ७, ८ आले. बेरीज ४४, सरासरी ५.५. दोनपेक्षा जास्त प्रश्न कोरे असतील तर स्कोअर काढू नका.

लो-हाय असा सर्वमान्य कटऑफ नाहीये, आणि मधल्या आकड्यावर रेघ मारून पेशंटचे दोन गट पाडायची सवय मला अजिबात पटत नाही. वरच्याच उदाहरणात ५.५ ने काय कळलं? काही नाही. पण पाचव्या प्रश्नाला २ आलेत, आणि तो आहे व्यायाम करताना शुगर खाली जाऊ नये म्हणून काय करायचं याचा. चौथ्याला, व्यायामाच्या प्रश्नाला, ३. म्हंजे हा माणूस आळशी नाही, त्याला चक्कर येऊन पडायची भीती आहे! खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायला शिकवा, एकदा सोबत चालून आधी-नंतर शुगर मोजून दाखवा, दोन्ही आकडे एकत्र वर येतील.

शिकवल्यावर स्कोअर कमी झाला! आमचा प्रोग्रॅम फेल का?

घाबरू नका, हे होतं. आधी पेशंटला वाटत असतं पथ्य म्हंजे चहात साखर नको एवढंच, म्हणून ९ देतो. शिकल्यावर कळतं की भात, खुब्झ म्हंजे तिथली रोटी, फळांचा रस हे सगळं त्यात येतं, मग तोच माणूस प्रामाणिकपणे ६ देतो. त्याची मोजपट्टी बदलली. यावर उपाय म्हणून शेवटी अजून एक प्रश्न विचारा: आज जे माहीत आहे त्यावरून सुरुवातीचा स्वतःला किती द्याल?

आणि एका पेशंटमध्ये अर्धा-एक मार्क इकडेतिकडे झाला तर त्याला सुधारणा म्हणू नका. समजा स्टँडर्ड डेव्हिएशन १.८ आणि परत विचारल्यावरचा जुळणीचा गुणांक ०.८५ असेल तर एका माणसात साधारण १.९ पेक्षा कमी फरक नुसत्या मोजमापाच्या चुकीनेही पडू शकतो. गटाच्या सरासरीत मात्र छोटा फरकही अर्थपूर्ण असू शकतो.

सेल्फ-एफिकसी चांगली आली पण एचबीए१सी वाईटच. स्केल चुकलीय का?

गरजेचं नाही. मध्ये किती गोष्टी आहेत बघा, औषधाचा डोस पुरेसा आहे का, आजार किती वर्षांचा, स्टेरॉइड चालू आहेत का, औषध परवडतं का, निर्वासित छावणीत इन्सुलिन थंड ठेवायला फ्रिज आहे का. विश्वासाचा परिणाम रोजच्या वागण्यातून शुगरपर्यंत पोचतो, म्हणून मागच्या सात दिवसांतल्या सेल्फ-केअरची स्केल सोबत लावा, आणि डिप्रेशनचीही छोटी स्केल लावा. आणि एकाच वेळी घेतलेल्या डेटावरून "विश्वास वाढल्याने शुगर सुधारते" असं लिहू नका, शुगर चांगली राहिल्यामुळेही विश्वास वाढतो.

आपल्याकडच्या मुस्लिम पेशंटना अरबी व्हर्जन देता येईल का?

नाही. कुराण अरबीत वाचता येणं आणि अरबी बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालेगाव, संभाजीनगरकडे उर्दू-दखनी, रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत कोकणी-मराठी. त्यांच्यासाठी त्या भाषेतलंच व्हर्जन नीट तपासून घ्यावं लागेल. रमजानचे प्रश्न मात्र तिकडून उचलून इथे तपासून बघण्यासारखे आहेत. उलट बाजूने, उपचारासाठी मुंबई-पुण्यात येणाऱ्या ओमान, येमेन, इराकच्या पेशंटना अरबी कागदच द्या, आणि हॉस्पिटलच्या दुभाष्याला आधी अर्धा तास बसवून प्रश्न समजावून सांगा, नाहीतर तो स्वतःचीच उत्तरं सुचवत बसतो.

माझ्याकडे तीनच महिने आहेत, सगळं जमणार नाही. किमान काय करू?

आधी तपासलेली अरबी स्केल घ्या, नवीन भाषांतराच्या नादी लागू नका. परवानगी आणि एथिक्स कमिटी पहिल्या आठवड्यातच सुरू करा, वेळ तिथेच जातो. दहा पेशंटसोबत प्रश्न मोठ्याने वाचून बघा आणि ते काय म्हणाले ते रिपोर्टमध्ये लिहा. उभी शिडी, सरावाचा तांदळाचा प्रश्न, बोलीतली ठरलेली वाक्यं, रमजान टाळलेलं वेळापत्रक. आणि शेवटी ज्यांनी उत्तरं दिली त्यांना त्यांच्या सगळ्यात कमी मार्कांच्या प्रश्नावर पाच मिनिटं तरी मदत करूनच पाठवा, नुसता फॉर्म भरून घेऊन घरी धाडू नका.